पटाशीला पाणी देताना

धार कठीण व्हावी म्हणून लाल तापवलेली पटाशी पाण्यात बुडवली आणि बादलीतून बारीकसा ‘टिंग’ आवाज आला. बाहेर काढून फडक्याने पुसली, उजेडाकडे धरली. धारेपासून तिरकी वर गेलेली केसाएवढी एक रेघ दिसत होती. नखाने चाचपली तर नख अडकलं. चार दिवसांचं घासणं-ठोकणं त्या एका आवाजात संपलं.

मी लाकडावर कोरीवकाम करते. शिवण आणि सागवान ही माझी नेहमीची लाकडं. बाजारातल्या पटाश्या चौकटी-दारांच्या कामाला उत्तम, पण पानांच्या शिरा आणि पाकळ्यांच्या खाचा काढायला मला ६ मिलिमीटर रुंदीची, टोकाशी तिरकी कापलेली पटाशी हवी होती. ती आपणच घडवायची, असं गेल्या दिवाळीनंतर मनात घेतलं. साताऱ्यात घराच्या गच्चीवर विटांची छोटी भट्टी रचली, लाकडी कोळसा आणला आणि भात्याच्या जागी केस वाळवायचा जुना ड्रायर एका लोखंडी नळीला जोडला. एवढ्याशा भट्टीतही लोखंड पिवळं होईपर्यंत तापतं. तापवणं सोपं आहे, कुठे थांबायचं हे कळणं अवघड.

त्याआधीचा प्रयत्न तर चिरेपर्यंतही पोचला नव्हता. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याकडून आणलेला गजाचा तुकडा चपटा केला, लालभडक करून पाण्यात टाकला. निवल्यावर कानस फिरवली तर पूर्वीइतकाच मऊ. पुन्हा तापवला, पुन्हा बुडवला, तिसऱ्यांदा पाण्यात मीठ घालून पाहिलं. काही फरक पडला नाही. ग्रिलचं लोखंड म्हणजे माइल्ड स्टील, त्यात कार्बन पाव टक्काही नसतो. चांगलं पाणी धरायला, म्हणजे तापवून बुडवल्यावर कठीण व्हायला, साधारण अर्धा टक्का तरी लागतो. लोखंड पुरेसं तापलं की कार्बन त्यात विरघळतो; मग ते एकदम थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच कोंडला जातो आणि त्या कोंडण्यातून कठीणपणा येतो. माझ्या गजात कोंडायलाच काही नव्हतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला जुनी कानस घेतली. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. काही स्वस्त कानशी मात्र फक्त वरून कठीण केलेल्या असतात, आत साधं लोखंड. ग्राइंडरवर धरून ठिणग्या बघितल्या की ओळखू येतं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. पोलादाच्या वाटेतच फुटतात, फुलबाजीसारख्या. वरचा थर घासून गेल्यावरही फुलं पडत राहिली तर कानस आतपर्यंत पोलादी. माझी तशी होती. आणि तरी ती चिरली.

चिरलेली पटाशी रुमालात गुंडाळून मी गावी गेले, कोरेगाव तालुक्यात. आमच्या गावात चिंचेखाली लोहाराचं छप्पर आहे. आबा तिथे लहानपणापासून ऐरणीवर बसतात. आता घण उचलायला पुतण्या आहे, पण ताव, म्हणजे लोखंड किती तापलं ते, अजून तेच बघतात. पेरणीच्या आधी रस्त्याकडेला घिसाडी येऊन उतरतात, नवरा सांडशीत फाळ धरतो आणि बायको घण मारते, ते दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे आबांसमोर तुटकी पटाशी घेऊन उभं राहताना, बाईमाणसाने हे काय आरंभलंय, असा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, गोणपाटात गुंडाळली, ऐरणीच्या कडेवर ठेवली आणि हातोडीचा एक ठोका दिला. पटाशी चिरेवरच तुटली.

“ह्ये बघ पोरी, साखर झालीया.”

तुटलेल्या तोंडावर खरोखरच जाड साखरेसारखे चमकणारे दाणे होते.

“कवा तापवलीस?”

“दुपारी. गच्चीवर.”

“उनात रंग दिसतुय व्हय?”

माझी मुख्य चूक एवढीच होती, आणि ती मी वाचलेल्या कुठल्याही माहितीत मला सापडली नव्हती, किंवा सापडूनही माझं लक्ष गेलं नव्हतं. भर उन्हात लाल तापलेलं लोखंड काळंच दिसतं. मला लाली दिसेपर्यंत ते गरजेपेक्षा कितीतरी पुढे गेलेलं होतं. जास्त तापलं की आतले दाणे वाढतात, आणि वाढलेल्या दाण्यांचं पोलाद बिस्किटासारखं तुटतं. आबांचं छप्पर काळोखं का असतं, वर एक कौल काचेचं का बसवत नाहीत, असं मला लहानपणी वाटायचं. पाणी द्यायच्या वेळी तर ते दाराशी गोणपाटाचा पडदाही सोडतात. आत डोळे रुळायला पाच मिनिटं बसायचं, मगच भात्याला हात.

बाकीच्या दोन चुका त्यांनी बोट ठेवून दाखवल्या. कानशीचे दात मी घासून टाकले नव्हते. प्रत्येक दाताच्या खाचेतून चीर सुरू व्हायला आयती जागा होती. शिवाय पाणी बोअरचं, पहाटेचं, थंडगार घेतलं होतं. एवढी पातळ, एवढी तिखी धार त्यात बुडवल्यावर एक बाजू आक्रसते, दुसरी अजून फुगलेली असते, आणि मधे चीर जाते.

‘तिखी’ हा आबांचाच शब्द. पोलादाला ते तिखं म्हणतात. ‘तीक्ष्ण’ या शब्दापासून आलेला, आपल्या तिखटाचा सख्खा भाऊ. पूर्वी अख्खं हत्यार पोलादाचं करणं परवडत नसे, तेव्हा अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती तिख्याची पट्टी, टाकणखार (बोरॅक्स) टाकून पांढऱ्या तावावर ठोकून सांधलेली, अशी कुऱ्हाड करत. आबांनी वडिलांच्या हाताखाली तशी कामं केलेली आहेत. आता गाडीचा कमानपाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, भंगारात मिळतो, तो सगळाच तिखा असतो, त्यामुळे सांधायची गरज उरली नाही.

त्या दिवशी त्यांनी मला पटाशीला हात लावू दिला नाही. उरलेल्या कानशीचे बोटभर लांबीचे चार तुकडे करायला लावले. पहिला जेमतेम अंधुक लाल असताना पाण्यात, दुसरा डाळिंबाच्या दाण्यासारखा झाल्यावर, तिसरा केशरी झाल्यावर, चौथा पिवळ्यावर. मग प्रत्येक तुकडा गोणपाटात गुंडाळून मोडायचा आणि तुटलेलं तोंड बघायचं. (डोळ्यांना चष्मा हवाच, पाणी दिलेलं पोलाद तुटताना कपची गोळीसारखी उडते.) पहिला वाकला, नीट मोडलाच नाही, त्याने पाणी धरलंच नव्हतं. दुसरा कट्‌कन मोडला आणि आत राखाडी, मखमलीसारखा एकसंध होता, दाणा म्हणून दिसेना. तिसऱ्यात बारीक रवा. चौथ्यात माझी साखर.

हे चार तुकडे मी अजून एका डबीत ठेवले आहेत. ज्याला कुणाला घरी हत्याराला पाणी द्यायचं असेल त्याने आपल्याच पोलादाचे असे तुकडे आधी मोडून पाहावेत. हत्यार घडवायला दिवस जातात, तुकडे मोडायला अर्धा तास.

रंग ओळखण्यासाठी माझ्याकडे आबांचे डोळे नाहीत, म्हणून मी चुंबक वापरते. स्पीकरमधला जुना गोल चुंबक तारेने टांगलेला आहे. पोलाद ठरावीक उष्णतेला पोचलं की चुंबकाला चिकटेनासं होतं. कानशीसारख्या पोलादात हे साधारण ७३० ते ७७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडतं. चिकटणं सुटलं की अजून थोडं, एक छटा वर जाऊ द्यायचं, म्हणजे ८०० च्या आसपास, आणि तिथेच थांबायचं. आबांना चुंबक दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन दोनदा लावून पाहिला आणि म्हणाले, “खरं बोलतुय.” पण त्यांनी मला त्याहून सूक्ष्म गोष्ट दाखवली. अंधारात, मंद भात्यावर तुकडा तापत असताना लालीवर एक सावली येते. सगळं अंग उजळत चाललेलं असतं आणि मधेच एक काळसर पट्टा हलतो, जरा वेळ रेंगाळतो, मग विरून जातो. आतली घडण बदलताना पोलाद उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग क्षणभर मंद दिसतो. सावली पूर्ण गेली की ताव आला. “ढग सरला,” असं ते म्हणाले. मला ती सावली दिसायला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी दिसली तेव्हा मी सांडशी तशीच धरून बसून राहिले आणि ताव निघून गेला.

आता आबांची पद्धत. त्या आठवड्यात त्यांच्याकडे धार गेलेले टिकाव आले होते, तेव्हा मला ती पुन्हा पुन्हा बघायला मिळाली. टिकावाचं टोक ठोकून लांबवलं, मग सुमारे चार बोटं भाग लाल केला. पाण्यात मात्र दीडच बोट बुडवलं, आणि हात स्थिर नाही, वरखाली हलता. तो थांबला तर पाण्याच्या पातळीशी कठीण आणि मऊ यांच्यामध्ये सरळ रेघ पडते आणि पुढे टिकाव बरोबर त्या रेघेवर तुटतो. टोक काळं पडलं की बाहेर. लगेच विटेच्या तुकड्याने टोकाची एक बाजू घासून पांढरी केली आणि थांबले. मागच्या अंगात अजून उष्णता असते, ती टोकाकडे सरकत येते. पांढऱ्या झालेल्या पोलादावर रंग चढू लागतात: आधी फिकट पेंढ्याचा, मग गव्हाळ, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. ते रंग एकामागून एक टोकाकडे वाहत येतात. जांभळा टोकाला टेकला आणि आबांनी अख्खा टिकाव पाण्यात सोडला. रंग तिथेच थांबला.

म्हणजे पाणी दोनदा. पहिलं कठीण करायला, दुसरं कठीणपणाची उतरण थांबवायला. पहिल्या पाण्यानंतर पोलाद काचेसारखं असतं. कानस त्यावरून घसरते, करकर न करता. हा कानशीचा घसरा मिळाला की पाणी धरलं असं समजावं. पण तसंच वापरलं तर पहिल्या दगडावर तुकडा उडतो. आबांच्या शब्दांत, “ताठा थोडा उतरवायचा, सगळा न्हाय.” किती उतरवायचा ते हत्याराच्या कामावर. फिकट पेंढ्याचा रंग म्हणजे सुमारे २२० अंश, तो लाकडाच्या पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला. तपकिरी साधारण २५५ ला येतो. जांभळा २७५ च्या पुढेमागे, तो घाव खाणाऱ्या छिन्नीला, टिकावाला. निळा ३०० च्या जवळ, स्प्रिंगेला.

पटाशी पातळ आणि अरुंद, तिच्यात मागच्या अंगाला एवढी उष्णता साठत नाही, म्हणून ही दोन कामं मी वेगवेगळी केली. दुसरी कानस घेतली. आधी विझत्या भट्टीत लाल करून राखेत रात्रभर पुरली, म्हणजे ती मऊ झाली. दात पूर्ण घासून काढले. घडवली, आकार दिला, पण धार काढली नाही. धारेची कड जाणूनबुजून दीड मिलिमीटर जाड ठेवली. तासलेली पातळ धार तापवताना आधी जळते आणि पाण्यात आधी वाकते. मग तीन वेळा लाल करून साध्या हवेत काळी होऊ दिली, दरवेळी मागच्यापेक्षा थोडा कमी ताव. ठोकताना आत आलेले ताण त्याने निघतात आणि दाणा बारीक होतो. ही पायरी मी पहिल्यांदा वगळली होती. आता कधीच वगळत नाही.

पाण्याऐवजी यावेळी तेल घेतलं, शेंगदाण्याचं, एका उंच डब्यात दोन लिटर, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होतं आणि पोलादाला चटकन भिडतं. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करतं, त्यामुळे चिरण्याची भीती कमी. पाण्यात शिरताना लाल पोलादाभोवती वाफेचं कवच तयार होतं आणि ते जिथे फुटतं तिथे आधी, जिथे राहतं तिथे नंतर थंड होतं. लोहार पाण्यात मीठ घालतात ते हे कवच मोडायला. जाड कुदळीला ते ठीक. माझ्या चार मिलिमीटरच्या पटाशीला तेल पुरलं.

तेलाच्या बाबतीत मी फार काळजी घेते आणि इतरांनीही घ्यावी. तेल पेट घेतं. डबा धातूचाच, रुंद बुडाचा, आणि त्यावर बसणारं झाकण हाताशी. लाल पटाशी अर्धवट बुडवून धरली तर पृष्ठभागावर ज्वाळा उठते. म्हणून सरळ, झटक्यात, पूर्ण खाली. आग लागलीच तर झाकण. पाणी अजिबात नाही. तेलात पाण्याचा थेंबही नसावा. गाडीचं जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. आणि जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत कधीही घालू नये, त्याच्या धुराने माणूस आजारी पडतो.

संध्याकाळी सात वाजता, गच्चीवरचा दिवा बंद करून, मी पटाशी तापवली. सावली आली, गेली. चुंबक चिकटला नाही. मनात तीन आकडे मोजले आणि उभी, नाकासमोर सरळ तेलात. वरखाली हलवली, आडवी हलवली नाही; आडवी हलवली की पातं त्या बाजूला वाकतं. दहा-बारा सेकंदांनी काढली तेव्हा धूर येत होता आणि टोक किंचित डावीकडे गेलेलं दिसलं. आबांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: तेलातून काढल्यावर थोडा वेळ पोलाद ऐकतं, नंतर ऐकत नाही. चामडी हातमोजे घालून लाकडी ठोकळ्यावर हलकेच दाबली, सरळ झाली. पूर्ण थंड झाल्यावर हाच प्रयत्न केला असता तर हातात दोन तुकडे आले असते.

कानस लावली. घसरली.

त्याच रात्री, स्वयंपाकघर आवरल्यावर, केक भाजायच्या ओव्हनमध्ये पटाशी ठेवली. ताठा उतरवणं उद्यावर टाकू नये. पाणी दिलेलं आणि न उतरवलेलं पोलाद नुसतं ठेवल्या जागीही चिरू शकतं. ओव्हनचा काटा भरवशाचा नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवून २१० अंश राखले. दोन तास, मग थंड करून पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या पाठीवर सकाळी फिकट पेंढ्याचा रंग होता, टोकापासून मुठीत जाणाऱ्या शेपटीपर्यंत सारखा. शेपटी मात्र मी नंतर वेगळी तापवून निळी केली, धार ओल्या फडक्यात गुंडाळून. मुठीवर मोगरीचा घाव बसतो, तिथे कठीणपणा नको, चिवटपणा हवा. शेवटी दगडावर हळूहळू धार काढली, सतत पाण्यात बुडवत. ग्राइंडरवर घाई केली आणि धारेवर निळा डाग आला, तर तेवढ्या जागी सगळी मेहनत उतरून जाते.

पुढची गोष्ट खुरप्याची. आई आल्याच्या वाफ्यात भांगलते, तिचं खुरपं झिजून बोटभर उरलं होतं. कमानपाट्याच्या तुकड्यापासून नवं करायला घेतलं. या पोलादात कार्बन अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरात, सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम; त्याला कानशीपेक्षा जरा वरचा ताव लागतो, आणि तेल सोसतं. मला वाटलं होतं, पटाशीसारखंच कडक ठेवलं तर धार महिनोन्‌महिने टिकेल. आबांनी विचारलं, “शेतात धार कशानं लावती तुजी आय?” कानशीने. बांधावर बसून, चार हात मारून. ज्या खुरप्यावरून कानस घसरते त्याला ती रानात धार कशी लावणार? शिवाय आमच्या रानात दगडगोटे. म्हणून खुरपं जांभळ्याच्याही पुढे, निळा दिसू लागेपर्यंत उतरवलं. कानस त्याला जेमतेम खाते, पण खाते.

जूनमध्ये आईने ते पहिल्यांदा वापरलं. दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा तिने धार दाखवली. एका जागी दगडावर बसून मूगभर कड दुमडली होती. तुटली नव्हती. तिने पदराला पुसलं, पायाखाली दाबून धरलं, कानशीचे सहा-सात हात मारले आणि पुढच्या सरीत बसली.